मशीनले हवा लागते जी

"काहीच नाही केलं जी, आपोआपच गरम होते."

लाखनीच्या माझ्या दुकानात काउंटरवर लॅपटॉप ठेवताना दहातली नऊ माणसं हेच वाक्य म्हणतात. ऐकलं की माझं डोकं फिरतं. लॅपटॉप आपोआप तापत नाही, त्याला कुणीतरी तापवतं. एवढी साधी गोष्ट गिऱ्हाइकांच्या गळी उतरवताना माझे केस पांढरे झाले. आता बारीक स्क्रू दिसेनासे झाले म्हणून शटर कायमचं ओढायची वेळ आली, तरी ती उतरलेली नाही. संपादकांनी "दिवाळी आहे, जरा हलकंफुलकं लिहा" असा निरोप पाठवला होता. त्यांनी खरं तर दुसरा माणूस बघायला हवा होता.

ज्यांनी लॅपटॉप कधी उघडून पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी आमची विद्या सांगतो. आत नखाएवढी एक चिप असते. सगळा विचार ती करते, आणि विचार केला की तापते. अर्ज टाइप करायचा असेल तर नुसती कोमट होते. लग्नाचा व्हिडिओ जुळवायचा, गेम खेळायचा, घराच्या नकाशावरून रंगीत चित्र काढायचं म्हटलं की तिचा तवा होतो. तिच्या डोक्यावर तांब्याची चपटी नळी बसवलेली असते आणि दोघींच्या मध्ये राखाडी पेस्ट असते. ती नळी उष्णता कडेला नेते. कडेला पातळ पत्र्यांची जाळी असते आणि जाळीला लागून पंखा. पंखा खालून गार हवा ओढतो आणि जाळीतून गरम हवा बाहेर फेकतो. संपलं शास्त्र. खालची वाट गोधडीने बंद केलीत, जाळी धुळीने बुजली, पेस्ट वाळून तिची खपली झाली, यातलं काहीही एक झालं की मशीन आधी कामाचा वेग कमी करतं. तेवढ्याने भागलं नाही तर जळण्यापेक्षा बरं म्हणून फटकन बंद पडतं. लोक म्हणतात हँग झाला. अरे बाबा, हँग नाही झाला, त्याने स्वतःचा जीव वाचवला!

आमच्या जिल्ह्यात धूळही साधी नाही. पंख्यावरचा थर पाहून गिऱ्हाईक कुठलं ते मी सांगतो, आणि यात मी सहसा चुकत नाही. नाकाडोंगरीकडचा लॅपटॉप उघडला की खाणीची काळसर चमकती भुकटी निघते. हायवेला लागून दुकान असेल तर ट्रकच्या धुराचा चिकट काळा लेप. आणि धानवाल्यांकडे पिवळा कोंडा. राइस मिलच्या ऑफिसातला एक लॅपटॉप मी उघडला तेव्हा जाळीत कोंड्याची चक्क वडी थापलेली होती. मी ती चिमट्याने काढून मालकाच्या हातावर ठेवली. तो म्हणाला, "हे आमच्याच मिलचं असन काय?" मी म्हणालो, "नाही, अमेरिकेहून आलं." तो दोन वर्षं माझ्या दुकानाची पायरी चढला नाही.

दसऱ्यानंतरचा आठवडा तर विचारू नका. नांगर, विळा, ट्रॅक्टर यांची पूजा होते, मग पाटावर लॅपटॉपही येतो. पूजेला माझी ना नाही, मी स्वतः माझ्या स्क्रूड्रायव्हरची करतो. पण हळदकुंकू लावलेल्या अक्षता की-बोर्डवर टाकायच्या, नारळाचं पाणी शिंपडायचं आणि मग "पंखा करकर वाजून राहिला जी" म्हणत माझ्याकडे यायचं? एका वर्षी पंख्याच्या पात्यांतून मी तांदळाचे सात दाणे काढले, सगळे लाल. गिऱ्हाईक म्हणालं, "फेकू नका हो, प्रसाद आहे."

एका गुरुजींनी मोबाइलवर कुठेतरी वाचून तापलेला लॅपटॉप फ्रिजमध्ये ठेवला. गरम वस्तू गारठ्यात गेली, बाहेर काढली, आतून दव सुटलं आणि मदरबोर्ड गेला. मुलांना विज्ञान शिकवणारा माणूस! दुसऱ्या एका हुशाराने थर्मल पेस्ट संपली म्हणून चिपवर टूथपेस्ट लावली होती. उघडल्यावर दुकानभर लवंगेचा वास सुटला.

उपाय मी ओरडून ओरडून सांगतो, फुकट सांगतो. मशीन कडक, सपाट जागेवर ठेवा. मागच्या बाजूला बोटभर जाडीचे दोन लाकडी ठोकळे द्या, म्हणजे पोटाखाली हवा शिरते. खोली बंद ठेवू नका. जड काम लावलं की बाकीचं सगळं बंद करा. सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरला शंभरऐवजी पंचाऐंशी टक्क्यांचा लगाम लावा. काम थोडं लांबेल, पण पुरं होईल. मोठं काम असेल तर तुकडे पाडा. धानवाल्यांनी वर्षातून दोनदा पंखा साफ करून घ्या आणि पेस्ट बदला. लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन लॅपटॉप पुन्हा गादीवर ठेवतात.

अशाच एका गिऱ्हाइकावर मी दोन वर्षं ओरडलो. त्या ओरडण्याची मला आज लाज वाटते, आणि लाज वाटली की मला आणखी राग येतो. म्हणून ही गोष्ट लिहितो आहे.

वैशाली ही सानगडी गावची सून. लग्नाआधी नागपुरात डिप्लोमा केलेली. नवरा बुटीबोरीला कारखान्यात, रविवारी घरी येणार. घरी ती आणि सासरे, दोघंच. ती नागपूरच्या एका आर्किटेक्टसाठी घरबसल्या काम करायची. तिकडून नकाशा यायचा, ती त्यावरून घराचं हुबेहूब चित्र तयार करायची. भिंतींचा रंग, खिडकीतून येणारं ऊन, फरशीवरची सावली, सगळं. शेवटच्या टप्प्याला रेंडर म्हणतात. एकदा बटण दाबलं की चार-चार, सहा-सहा तास मशीन एकटंच आकडेमोड करत बसतं. तेवढ्या वेळात माणसाला काही काम नसतं, फक्त मशीन बंद पडता कामा नये. पडलं की केलेलं सगळं पाण्यात.

तिचं पडायचं. पहिल्यांदा मी उघडलं तर जाळीत कोंडा. साफ केलं, पेस्ट बदलली, दिलं. पाच महिन्यांनी पुन्हा आली, पुन्हा कोंडा.

"तू हे ठेवते तरी कुठं?" मी विचारलं.

"बाजेवर, काका. खाली पाट ठेवते."

"बाज का लॅपटॉपची जागा आहे? शिकली-सवरली पोरगी तू. एक टेबल घेता येत नाही?"

"पाहते काका," ती म्हणाली.

तिसऱ्यांदा आली तेव्हा मी इतर गिऱ्हाइकांसमोर तिची शोभा केली. म्हणालो, "हे पाहा, इंजिनियर बाई! कोंड्यात लॅपटॉप पेरते." लोक हसले, तीही थोडी हसली. चौथ्यांदा मी मशीन तिच्या हातातून ओढूनच घेतलं. दुरुस्तीच्या जॉबकार्डावर दर वेळी एकच लिहायचो: 'गिऱ्हाइकाचा निष्काळजीपणा.'

पाचव्यांदा ती नवतप्यात आली. विदर्भाबाहेरच्यांना सांगतो, मे महिन्याच्या अखेरीचे ते नऊ दिवस, जेव्हा दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. एसटीने आली होती, लॅपटॉप ओल्या पंच्यात गुंडाळून. मी पंचा पाहूनच भडकलो. पण तिने मला बोलूच दिलं नाही.

"काका, दोनदा काम वेळेवर गेलं नाही. मंगळवारी नाही गेलं तं साहेब दुसऱ्याले देऊन राहिले. फोन आल्ता."

"मग घरी सांग."

"घरी काय सांगू? काम गेलं तं त्याहिले बरंच वाटन. म्हणतीन, सुटली एकदाची टकटक." तिने ओल्या पंच्याची घडी केली. "माझं एवढंच हाये काका. दुसरं काई नाई."

मी स्क्रू काढायला घेतले. मग ती म्हणाली, "एक चिठ्ठी लिहून द्याल? दुकानाच्या कागदावर, शिक्का मारून."

"कायची चिठ्ठी?"

"का या मशीनले खेळती हवा लागते. टेबलावर ठेवा लागते. बंद खोलीत चालत नाई."

"मी का डॉक्टर आहो चिठ्ठ्या द्यायला? तू सांग ना तुझ्या तोंडानं!"

"माझ्या तोंडचं कोणी ऐकत नाई," ती म्हणाली. "शिक्क्याचं ऐकतीन."

मशीन पाहिल्याशिवाय मी रिपोर्ट देत नाही आणि जागा पाहिल्याशिवाय शिक्का मारत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साफ केलेला लॅपटॉप पिशवीत घालून मी मोटरसायकलवर सानगडीला गेलो. खरं सांगायचं तर तिला तिच्याच घरी चार शब्द सुनावावेत, असाही बेत होता.

घर चांगलं होतं. पुढे ऐसपैस सपरी, म्हणजे आमच्याकडची ओसरी, तिन्ही बाजूंनी मोकळी. एका कोपऱ्यात भला मोठा कुलर. भिंतीला लावून एक टेबल, त्यावर वर्तमानपत्र आणि चष्म्याची डबी. दोन खुर्च्या, एक दिवाण. सासरे देवरामजी दिवाणावर बसले होते. तळ्याखालच्या पाच एकर बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, कसणारा माणूस, बोलायला मृदू. स्वतः उठून मला पाण्याचा तांब्या दिला. अशा माणसावर रागावणं फार अवघड जातं, आणि ते आणखीच वाईट.

"पोरगी कुठं बसते कामाले ते पाहू द्या," मी म्हणालो.

वैशालीने मला मागच्या खोलीत नेलं. दारातच धानाचा आणि कीड लागू नये म्हणून टाकतात त्या औषधाचा वास आला. धानाचे कट्टे, म्हणजे पोती, जमिनीपासून छतापर्यंत रचलेले. खिडकी होती, पण कट्ट्यांच्या मागे, वीतभर फट उरली होती. उरलेल्या जागेत एक बाज. बाजेवर पाट. वायरीने ओढून आणलेला एक बोर्ड. पंखा नव्हता, कारण कट्टे पंख्याच्या जागेपर्यंत आले होते. मी तिथे पाच मिनिटं उभा राहिलो असेन. शर्ट पाठीला चिकटला, कानशिलं ठणकायला लागली. भिंतीला पुठ्ठ्याचा एक तुकडा टांगलेला होता, कडा झिजलेल्या.

"हे काय?"

"मशीनचा पंखा जोरात वाजाले लागला का वारा घालते."

"मशीनले?"

"हो. हात दुखला का हात बदलवते."

ही पोरगी सकाळपासून संध्याकाळपर्यंत या भट्टीत बसून, स्वतःच्या अंगावरून घामाच्या धारा चाललेल्या असताना, लॅपटॉपला वारा घालत होती. तीन उन्हाळे. आणि मी पाच वेळा त्या लॅपटॉपचं पोट उघडून, तिथला कोंडा डोळ्यांनी पाहून, 'निष्काळजीपणा' असं लिहिलं होतं. मशीन कुठे ठेवते हे विचारलं होतं, पण ती कुठे बसते हे धड विचारलं नव्हतं. धुळीवरून गाव ओळखणारा मी! त्या वेळी माझ्या हातात कुणी माझीच जॉबकार्डं दिली असती तर मी ती फाडून खाल्ली असती.

मी तडक सपरीत आलो. "देवरामजी, हे सपरीतलं टेबल तर रिकामंच आहे."

"आहे ना."

"मग ती इथं काहून नाही बसत?"

ते जरा गोंधळले. "मिस्त्रीभाऊ, सपरीत चार माणसं येतेत-जातेत. मी इथं दिवाणावर, अन् सून समोर खुर्चीवर बसून राहीन? आमच्या घरात सून सासऱ्यापुढं खुर्चीवर नाही बसत. बरं दिसते काय, तुमीच सांगा."

मी तोंड उघडलं. खूप काही सांगायचं होतं. दाराआडून वैशालीने मान हलवली, नको म्हणून. तिला माझ्या भाषणाचा उपयोग नव्हता. मी निघून गेल्यावर त्या घरात तिलाच राहायचं होतं. तिला हवी होती ती चिठ्ठी.

मग मी टेबलावर बसून लिहिलं. अक्षर मुद्दाम सरकारी काढलं. 'सदर मशीन नाजूक असून त्यास खेळती हवा, कडक सपाट पृष्ठभाग व थंडावा अत्यावश्यक आहे. धान्य साठवलेल्या अथवा बंद खोलीत वापर केल्यास मशीन कायमचे निकामी होईल व दुरुस्तीची कोणतीही हमी राहणार नाही.' खाली सही, सहीवर शिक्का.

देवरामजींनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी हळहळ आली.

"अरे बापा! मशीनले एवढं लागते, हे कोणी सांगतलंच नाई मले. सांगाचं ना पोरी!"

पाऊण तासात टेबल रिकामं झालं. साठी उलटलेल्या त्या माणसाने कुलर स्वतः ढकलत आणून टेबलाकडे वळवला. लाकडाचे दोन ठोकळे घासून आणले, माझ्या हाताने लॅपटॉपखाली लावून घेतले. विजेचा वेगळा बोर्ड ओढायचं ठरलं. "कुलरमंधी पाणी दिवसातून किती डाव भरू?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "तीनदा." तोंडातून दुसरं काही निघालं तर शिवी निघेल म्हणून एवढंच म्हणालो. एका मशीनला उकडतं म्हणून अख्खं घर हललं होतं. त्याच मशीनपुढे बसलेल्या जिवंत बाईला उकडतं का, हे त्या घरात कुणाच्या मनातही आलं नव्हतं. माझ्या तरी कुठे आलं होतं?

मंगळवारचं काम वेळेवर गेलं. तिने मला फोन करून सांगितलं. लगाम पंचाऐंशीचा, तुकडे चार, मशीन एकदाही बंद पडलं नाही. साहेबांनी पुढचं मोठं काम दिलं, बारा घरांचं. मी समाधानाने जेवलो. एक केस निकालात निघाली असं मला वाटलं.

दोन आठवड्यांनी सानगडीलाच एका दुकानातला प्रिंटर दुरुस्त करायला गेलो होतो. मृग लागला होता, पण पावसाचा पत्ता नव्हता. उकाडा नवतप्याहून वाईट. दुपारचे दोन वाजले असतील. म्हटलं, जाता जाता आपलं पेशंट पाहून जावं.

सपरीत कुलर घरघरत होता. टेबलावर लॅपटॉप, ठोकळ्यांवर नीट टेकलेला, त्यावर धूळ बसू नये म्हणून शेजारी घडी घातलेलं स्वच्छ फडकं. स्क्रीनवर रेंडर चाललेलं, एका दिवाणखान्याचं चित्र चौकोना-चौकोनाने उजळत होतं. देवरामजी दिवाणावर आडवे, कुलरच्या वाऱ्यात. टेबलापुढची खुर्ची रिकामी.

"या या, मिस्त्रीभाऊ!" ते उठून बसले. "पाहा तुमची मशीन. हात लावून पाहा, कशी थंडीगार ठेवली आहे."

मी लॅपटॉपच्या पाठीला हात लावला. खरंच गार होती.

"वैशाली कुठं गेली?"

"आत आहे ना, तिच्या खोलीत. मशीन आपलं आपण करून राहिली, तिचं काय काम आता इथं? बसाचं काम असते तवा बसते, मी काई म्हणत नाई." त्यांनी माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने पाहिलं. "चिठ्ठीपरमानंच सारं चालते भाऊ."

मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. चिठ्ठी मीच लिहिली होती. त्यात मशीन होतं, टेबल होतं, हवा होती. बाईचं नाव मी कुठेच घातलं नव्हतं, आणि घातलं असतं तर ते टेबलही मिळालं नसतं. माझ्या डोक्यात सणक गेली. त्या क्षणी तो कुलर उचलून अंगणात फेकावा, असं वाटलं. पण फेकला असता तर मशीन तापलं असतं, बाईचं काय ते तसंच राहिलं असतं.

"देवरामजी," मी म्हणालो, "चिठ्ठीत एक लिहाचं राहून गेलं."

"काय जी?"

"हे असं काम चालू असते ना, तेव्हा ज्यानं काम लावलं त्यानं समोर बसलं पाह्यजे. पूर्ण वेळ. नजर हटली अन् मशीन जळली तर मी जबाबदार नाही."

सपशेल खोटं. ज्याला हे काम ठाऊक आहे त्याने हसून माझी टोपी उडवली असती. देवरामजी मात्र तटकन उभे राहिले.

"वैशाली! वो वैशाली! ये पोरी बाहेर, मशीन सोडून कायले गेली? बस इथं, बस!"

ती आली. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, ओढणीने मान पुसत. काय झालं म्हणून आधी तिने मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सासऱ्यांनी तिला माझं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. तिला सगळं येत होतं, माझ्यापेक्षा जास्त येत होतं. तिने खुर्ची ओढली, सासऱ्यांच्या समोर, कुलरच्या वाऱ्यात बसली आणि तिने डोळे मिटले. तिच्या मानेवरचे केस वाऱ्याने हलायला लागले.

"किती वेळ बसा लागन मंग?" देवरामजींनी काळजीने विचारलं.

तिने डोळे उघडले. स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मला उभ्या जागेवरून दिसत होतं. वीस मिनिटं बाकी.

"चार घंटे, मामाजी," ती म्हणाली. "जास्तई लागतीन."